घड्याळ खरं निघालं, लोचा वर्णनात होता: एका सेकंडहँड ओमेगाचं प्रकरण

आधी निकाल सांगून टाकतो, घड्याळ नकली नव्हतं. ओमेगा सीमास्टर ३०० एम, रेफरन्स (मॉडेल नंबर) २५३१.८०, मशीन ओमेगाचंच, डायल ओमेगाचीच, सिरियल नंबर लगच्या (पट्टा अडकतो त्या टोकाच्या) मागच्या बाजूला, जिथे असायला हवा तिथेच. तरीही माझ्या मेहुण्याचे २ लाख ३५ हजार जाऊन वर जो मनस्ताप झाला त्याचं हे प्रकरण आहे. असं काही झालं की लोक पहिला प्रश्न 'डुप्लिकेट निघालं का?' हाच विचारतात, आणि खरं सांगायचं तर डुप्लिकेट निघालं असतं तर मुद्दा तरी सरळ होता, फसवणुकीची तक्रार द्यायची आणि मागे लागायचं. इथे वस्तू खरी, विकणारा जीएसटी नंबरवाला, बिल हातात, आणि तरी घेणाऱ्याला वाटतंय की आपल्याला गंडवलं. यात गंडवणं किती आणि त्याची स्वतःची निराशा किती हे वेगळं काढणं हाच यातला अवघड भाग होता, आणि ते वेगळं काढल्यावरच पैसे परत आले, सगळे नाही, पण आले.

मॉडेलबद्दल थोडक्यात, ज्यांना माहितीय त्यांनी पुढे जा. हे डिझाईन १९९३ चं. ४१ एमएमची केस (घड्याळाची बॉडी), निळी डायल, तिच्यावर लाटांची नक्षी, मधून पोकळ काटे, दहाच्या बाजूला हेलियम व्हॉल्व्ह (खोल समुद्रात काम करणाऱ्या डायव्हरांसाठी), जो घालणाऱ्यांपैकी जवळपास कोणालाच आयुष्यात लागत नाही. १९९५ पासून जेम्स बाँडच्या हातात सीमास्टर यायला लागलं, आधी क्वार्ट्झवालं (बॅटरीवरचं) आणि १९९७ पासून हे ऑटोमॅटिक, म्हणून जगभर याला बाँड सीमास्टर म्हणतात. मशीन ११२०, म्हणजे ईटीए या स्विस मशीन बनवणाऱ्या कंपनीचं २८९२-ए२ घेऊन ओमेगाने त्यावर काम करून २३ ज्वेल्सचं (घर्षण कमी करणारे खडे) केलेलं, क्रोनोमीटर सर्टिफाइड, म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं. चांगलं, दणकट मशीन आहे, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

मेहुणा मूळचा कोल्हापूरचा, हिंजवडीत आयटीत. केबलवर बाँडचे पिक्चर बघत मोठा झालेला, त्यामुळे त्याला नवं सीमास्टर नकोच होतं, त्याला हेच हवं होतं. शिवाय नवं शोरूममधून घ्यायचं तर दुपटीच्या पुढे जातं. मुंबईतला एक डीलर, दुकान नाही, सोशल मीडियावर फोटो टाकतो आणि बाकी सगळं व्हॉट्सअॅपवर. तिथे हे दिसलं. वर्णन असं होतं: ओमेगा सीमास्टर बाँड, ऑल ओरिजिनल, मिंट कंडिशन, रिसेंटली सर्व्हिस्ड, ३०० मीटर वॉटर रेझिस्टंट, ओन्ली वॉच. शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ डबा नाही, कार्ड नाही, कागद नाही.

मेहुण्याने विचारलं काय? 'ओरिजिनल आहे ना?' आणि 'रिसेल व्हॅल्यू चांगली मिळेल ना, इन्व्हेस्टमेंट म्हणूनच घेतोय.' हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते भलतीकडून उगवलं. डीलरचं उत्तर, 'सर १००% ओरिजिनल, कहीं भी चेक करा लो.' हेही लक्षात ठेवा.

पैसे कसे दिले ते महत्त्वाचं आहे. डीलर म्हणाला कार्डवर घेतो पण दोन टक्के वरती. मेहुण्याने पाच हजार वाचवायचे म्हणून ५० हजार टोकन यूपीआयने आणि बाकीचे एनईएफटीने पाठवले. क्रेडिट कार्ड असतं तर 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' म्हणून बँकेकडे चार्जबॅक मागता आला असता, मिळालाच असता असं नाही, पण डीलरला उत्तर तरी द्यावं लागलं असतं आणि तेही बँकेला, आपल्याला नाही. एनईएफटी गेलं की गेलं. ते दोन टक्के म्हणजे खरं तर इन्शुरन्सचा हप्ता असतो, पण आपल्याकडे कोणी तो तसा बघत नाही. (रोखीचा विषयच नव्हता, २ लाख किंवा त्यावर रोख घेणाऱ्यालाच इन्कम टॅक्सच्या कायद्याखाली तेवढाच दंड बसतो, तरी 'कॅश में करो तो कम कर दूंगा' म्हणणारे आहेतच.)

घड्याळ जुलैच्या सुरुवातीला कुरियरने आलं. पहिल्या रात्री मला फोन, 'दाजी, घड्याळ आलंय, एक नंबर आहे, पण अंधारात काटे चमकतात आणि आकडे चमकत नाहीत, असं असतं का?' मी म्हटलं रविवारी घेऊन ये. रविवारी आला तोवर घड्याळ तीन मिनिटं मागे पडलं होतं.

टेबलावर काय दिसलं

अंधारात चमकणाऱ्या ज्या रंगाला आपल्याकडे सगळे सरसकट रेडियम म्हणतात ते या घड्याळात रेडियम नाही. रेडियम साठच्या दशकात मागे पडलं, त्यानंतर ट्रिटियम आलं, आणि नव्वदच्या शेवटाला ट्रिटियम जाऊन उजेड शोषून चमकणारं ल्युमिनोव्हा आलं. या घड्याळाच्या डायलवर सहाच्या खाली 'स्विस मेड' च्या दोन बाजूंना बारीक 'टी' होता, म्हणजे डायल ट्रिटियमची. ट्रिटियमचं हाफ लाईफ १२.३ वर्षं, ९५-९६ च्या घड्याळात आज जेमतेम पाचवा हिस्सा उरलाय आणि त्यातला फॉस्फरही (चमकणारी पूड) दमलेला असतो. टॉर्च मारला की डायलचे ठिपके क्षणभर चमकून विझत होते आणि काटे मात्र पाच मिनिटांनीही हिरवेगार. म्हणजे काटे नंतर बदललेत, ल्युमिनोव्हाचे आहेत. उजेडात बघितलं तर फरक आणखी उघड, ठिपके साईसारखे पिवळट आणि काट्यांवरचा रंग पांढराफट्ट.

पुढचं बघायला लक्ष्मी रोडच्या मागच्या गल्लीत एक घड्याळजी काका आहेत त्यांच्याकडे गेलो. काकांनी आधी घड्याळ कानाला लावलं, मग काही न बोलता टाइमग्राफरवर (घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्रावर) ठेवलं. दिवसाला ३२ सेकंद मागे, अॅम्प्लिट्यूड (आतलं चाक दर झोक्याला किती अंश फिरतं ते) १९०, उभं धरलं की १६५. निरोगी मशीनचा अॅम्प्लिट्यूड आडवं ठेवल्यावर २७० ते ३०० च्या आसपास असतो. आणि क्रोनोमीटरच्या परीक्षेत दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांतच बसावं लागतं. म्हणजे तेल वाळलंय. काका म्हणाले, 'याची सर्व्हिस झालीय असं जो म्हणतो त्याला इकडे घेऊन या.'

मग झाकण उघडलं. इथे एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते, जुने घड्याळजी सर्व्हिस केली की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक खूण आणि तारीख ओरखडून ठेवतात, बाहेरून कधीच दिसत नाही. या झाकणात एक खूण होती, ११-१४. त्यानंतरची एकही नाही. याचा अर्थ नंतर सर्व्हिस झालीच नाही असा शंभर टक्के होत नाही, सगळेच खूण करत नाहीत, पण त्या टाइमग्राफरच्या आकड्यांच्या शेजारी ठेवली की ती खूण बोलायला लागते. झाकणाखालची रबराची रिंग चपटी होऊन खाचेला चिकटली होती, काकांनी चिमट्याने उचलली तर दोन तुकडे झाले. चावीच्या दांड्याजवळ गंजाचा एक तपकिरी ठिपका. काकांनी मला भिंग दिलं आणि म्हणाले, 'हा ठिपका आठ-पंधरा दिवसांचा नाही हां, जुना आहे.' हे वाक्य पुढे फार कामाला आलं, मी लगेच त्यांना ते चिठ्ठीवर लिहून द्यायला लावलं, सही-शिक्क्यासकट, आणि उघड्या मशीनचे फोटो काढले.

बाकीचं भराभर सांगतो. बेझलमधली, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्यातली, निळी चकती ओमेगाची नव्हती, आकड्यांची जाडी वेगळी आणि तिचा निळा डायलच्या निळ्याशी जुळत नव्हता, एकदा शेजारी धरून बघितलं की डोळ्याला खटकतच राहतं. केसला दाबून बफ (पॉलिश) मारलेला. या मॉडेलच्या चारही लग्जना एक पिळदार चकाकती धार असते, तीच या केसचं सौंदर्य, ती धार पार गोल झालेली. मागच्या झाकणावर अर्धा घोडा अर्धा मासा असा प्राणी उठावाचा असतो, तो पण सपाट झाला होता. पट्ट्यात दोन लिंक कमी, आणि पट्टा सैल, आडवा धरला की लोंबतो.

आणि याच्या पुढच्याच शनिवारी मेहुणा पन्हाळ्यावर गेला, पाऊस, हातात तेच घड्याळ (मी सांगितलं होतं पाणी लावू नको, काकांनी तात्पुरती दुसरी रिंग टाकून दिली होती पण प्रेशर टेस्ट नव्हती केली). काचेच्या आतून वाफ धरली. ३०० मीटरचं डायव्हर घड्याळ पन्हाळ्याच्या रिमझिमीत.

सात तक्रारी, त्यातल्या उभ्या किती राहतात

इथवर मेहुणा पेटला होता. डीलरला रात्री अकराला व्हॉइस मेसेज, त्यात काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. डीलरचं म्हणणं एकच, 'सर मशीन ओरिजिनल, डायल ओरिजिनल, केस ओरिजिनल, तो प्रॉब्लेम क्या है? पुराना घड़ी है.' आणि मला इथे एक गोष्ट मान्य करावी लागली की तो सगळंच खोटं बोलत नव्हता.

काटे घ्या. ओमेगा स्वतःच सर्व्हिसमध्ये जुने काटे काढून ल्युमिनोव्हाचे लावते. हे काटे बघायला ओमेगाचेच वाटत होते. जुनी घड्याळं जमवणाऱ्याला ते खटकतात, किंमत कमी होते, पण 'हा पार्ट कंपनीचा नाही' असं आपण सिद्ध करू शकत नव्हतो. मी मेहुण्याला म्हटलं काट्यांचं नाव काढू नकोस. तो म्हणे 'अरे पण तेच तर सगळ्यात आधी दिसलं!' दिसलं असेल, पण भांडणात जी गोष्ट पहिल्यांदा ढासळते तीच समोरचा धरून बसतो.

बफिंगचंही तसंच. 'मिंट कंडिशन' हे मत आहे, मोजमाप नाही, आणि फोटो आधीच पाठवलेले होते. फोटो चलाखीने काढलेले होते हे खरं, सगळे समोरून, भरपूर उजेडात, लग्जचा बाजूने एक नाही, अंधारातला एक नाही, झाकण उघडलेला एक नाही. पण जो फोटो मागितलाच नाही तो पाठवला नाही ही तक्रार होत नाही. पट्टा सैल असणं हे वयाचं. आणि मेहुण्याची सातवी तक्रार, 'हातात घातल्यावर तो फील येत नाही रे, पिक्चरमध्ये केवढं भारी दिसायचं', ही तर कुठल्याच कायद्यात बसत नाही. तीस वर्षांचं घड्याळ तीस वर्षांचं दिसणार.

उरल्या तीन. चकती, 'ऑल ओरिजिनल' लिहिलंय आणि ती बाहेरची आहे. सर्व्हिस, 'रिसेंटली सर्व्हिस्ड' लिहिलंय आणि आकडे उलट सांगतात. पाणी, '३०० मीटर' लिहिलंय आणि रिंगचे तुकडे पडलेत. या तिन्ही गोष्टी डीलरने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या आणि तिन्ही मोजून दाखवता येत होत्या. दोन कमी लिंकांचं डीलरने लगेच कबूल केलं, 'मेरे पास पड़ा होगा सर, भेज देता हूँ.'

हे मिश्र पार्टांचं प्रकरण किती खोल जाऊ शकतं याचं उदाहरण खुद्द ओमेगाचंच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हाला फिलिप्सच्या लिलावात १९५७ च्या मॉडेलचं एक स्पीडमास्टर, २९१५-१, एकतीस लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, आणि ते घेतलं कोणी, तर ओमेगाने, स्वतःच्या म्युझियमसाठी. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते बहुतेक वेगवेगळ्या घड्याळांचे खरे पार्ट जोडून बनवलेलं होतं आणि कंपनीतलेच तीन माजी कर्मचारी त्यात होते. अशा घड्याळाला त्या जगात फ्रँकनवॉच म्हणतात. आणि त्याच जगात 'मुंबई स्पेशल' असाही एक शब्द आहे, जुनं फावर-लुबा, सेइको, एचएमटी घेऊन डायल भडक रंगात पुन्हा रंगवायची, तीन घड्याळांतून एक करायचं आणि ऑनलाइन परदेशात विकायचं, आपल्या शहराचं नाव जगभर असं झालंय. पण एक फरक आहे, मुंबई स्पेशल घेणारा दोन-तीन हजारांत घेतो आणि बहुतेक वेळा काय घेतोय ते त्याला ठाऊक असतं. मेहुण्याचं घड्याळ त्या दोन्हींच्या मधलं, सगळे पॅनल रंगवलेल्या सेकंडहँड गाडीसारखं, इंजिन नंबर बरोबर, आरसी बरोबर, तरी जे सांगितलं ते हे नव्हे.

मागणी कशी मांडली

व्हॉइस मेसेज बंद करायला लावले. एकच ईमेल, तीन मुद्दे, प्रत्येकाखाली डीलरच्या वर्णनाचा स्क्रीनशॉट आणि त्याच्याखाली पुरावा, काकांची चिठ्ठी, टाइमग्राफरचा फोटो, रिंगच्या तुकड्यांचा फोटो. शेवटी मागणी, घड्याळ परत घ्या, पूर्ण पैसे द्या. आणि हे ईमेल घड्याळ मिळाल्यापासून महिन्याच्या आत पाठवलं, ते मुद्दाम. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथेच्या व्याख्येतच आहे की सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीच अनुचित प्रथा. आणि जुन्या १९३० च्या मालविक्री कायद्यातही वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळला पाहिजे हे कलम १५ मध्ये आहेच, पण माल ठेवून घेऊन वाजवी काळात काही कळवलं नाही तर तुम्ही तो स्वीकारला असं धरतात. त्यामुळे 'बघू, बोलू, पुढच्या महिन्यात' हे महागात पडतं.

बिलावर काय होतं माहितीय? 'वॉच यूज्ड, १ नग' आणि खाली छापील 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. मॉडेल नाही, सिरियल नाही, काही नाही. मेहुण्याला वाटलं संपलं. पण वर्णन बिलातच असावं लागतं असं नाही, ते चॅटमध्ये होतं, आणि ते छापील वाक्य ग्राहक आयोगांनी अनेकदा बाजूला सारलेलं आहे. चॅट मात्र नीट जपावी लागते, नुसते स्क्रीनशॉट नाही, चॅट एक्स्पोर्ट करून, फोन तसाच ठेवून, कारण आयोगापुढे इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडलेलं बरं. ती लिस्टिंग डीलरने ईमेल मिळाल्यावर दोन तासांत डिलीट केली, आमच्याकडे होती म्हणून वाचलो.

डीलरची पहिली ऑफर, घड्याळ परत द्या, १ लाख ८० देतो, 'बायबॅक'. म्हणजे त्याचंच घड्याळ त्यालाच ५५ हजार तोट्यात. मेहुणा हो म्हणायच्या बेतात होता, बहिणीने (माझ्या बायकोने) त्याला फोनवर झापलं.

मग वकिलाची नोटीस. तिला आलेलं उत्तर वाचून मला हसावं का रडावं कळेना. त्यात दोन बचाव. एक, 'ओन्ली वॉच' म्हणजे जसं आहे तसं विकलं. दोन, खरेदीदाराने स्वतः लिहिलंय की इन्व्हेस्टमेंट म्हणून घेतोय, म्हणजे व्यापारी हेतू, म्हणजे हा कायद्याने ग्राहकच नाही. तेच ते वाक्य. आमच्या वकिलाचं म्हणणं, स्वतःच्या हातात घालायला घेतलेल्या एका घड्याळाच्या पुढच्या किमतीची चौकशी केली म्हणून कोणी व्यापारी होत नाही, आणि मलाही ते पटतं, पण समोरच्याला तारीख वाढवायला मुद्दा तर मिळाला. 'जसं आहे तसं' ला उत्तर सोपं होतं, जसं आहे तसं म्हणायचं तर सर्व्हिस्ड आणि ३०० मीटर कशाला लिहिलं? आणि 'कहीं भी चेक करा लो' हेही त्याचंच, आम्ही चेक केलं, चिठ्ठी जोडली.

पुढचा रस्ता स्पष्ट होता. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार चालते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, तक्रार ऑनलाइन दाखल होते, आणि मुंबईला जायची गरज नाही, जिथे तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे पुण्यातच. हे सगळं डीलर व्यावसायिक होता म्हणून. एखाद्या खाजगी माणसाकडून घेतलं असतं तर ग्राहक आयोगाचं दार बंद, दिवाणी दाव्याला जावं लागलं असतं, आणि सव्वादोन-अडीच लाखांच्या घड्याळासाठी ते कोण करतं. कायद्यात लिहिलंय तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल, पण तेवढ्यात होतंच असं समजून कोणी जाऊ नये.

तडजोड

डीलर तडजोडीला आला तो कायद्याला घाबरून असं मला वाटत नाही. नोटिशीच्या उत्तरानंतर आम्ही त्याला दाखल करायच्या तक्रारीचा मसुदाच पाठवला, सगळ्या फोटोंसह, आणि त्याला दिसलं की यात शिव्या नाहीत, नकली म्हटलेलं नाही, फक्त त्याची तीन वाक्यं आणि त्यांच्यासमोर तीन फोटो आहेत. त्याचं सगळं दुकान म्हणजे ते अकाउंट. तीन दिवसांनी त्याचा स्वतःचा फोन आला.

पूर्ण परत घ्यायला तो तयार नव्हता, पैसे दुसऱ्या घड्याळात अडकलेत म्हणाला, ते खरंही असेल, या धंद्यात असंच चालतं. ठरलं असं की घड्याळ मेहुण्याकडेच, आणि कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसचा आणि चकतीचा अंदाजे खर्च म्हणून ५५ हजार परत. माझं मत होतं की पूर्ण पैशांसाठी थांबावं, आपली बाजू भक्कम होती. मेहुण्याने ऐकलं नाही, त्याला घड्याळ सोडवत नव्हतं, एवढं भांडून झाल्यावरही रात्री टॉर्च मारून बघायचा. त्याचे पैसे, त्याचा निर्णय. कागद केला, 'पूर्ण व अंतिम', दोन्ही सह्या, पैसे एनईएफटीने आले.

अधिकृत सर्व्हिसला देताना एक काळजी घेतली ती सांगण्यासारखी. तिथे बाहेरचा पार्ट दिसला की तो बदलल्याशिवाय काम घेत नाहीत, ते आपल्याला हवंच होतं, पण ते डायल आणि काटे दोन्ही नवीन सुचवतात, आणि पूर्ण सर्व्हिसमध्ये पॉलिशही आपोआप धरलेलं असतं. आधीच गोल झालेल्या लग्जना आणखी एक बफ म्हणजे संपलंच. म्हणून जॉब शीटवर लिहून घेतलं, पॉलिश करायचं नाही, डायल बदलायची नाही, काढलेले पार्ट परत द्यायचे. काउंटरवरच्या मॅडमनी दोनदा विचारलं, 'सर, पॉलिश फ्री आहे, नक्की नको?' नक्की नको.

खर्च पन्नास हजारांच्या थोडा वर गेला, म्हणजे डीलरच्या पैशांत भागलं. मशीन साफ, सगळ्या रिंग नव्या, प्रेशर टेस्टचा कागद, चकती ओमेगाची. काटे तसेच ठेवले. आता दिवसाला तीन सेकंद पुढे जातं. मेहुण्याला एकूण पडलं किती, तर घड्याळाचे २ लाख ३५, आणि बाकी वकिलाची फी. त्या पैशांत, थोडं थांबला असता तर, धारदार लग्जचं, कागद असलेलं घड्याळ मिळालं असतं असं मी त्याला एकदा म्हटलं, बायकोने डोळे वटारले म्हणून परत म्हटलं नाही.

दोन लिंक मात्र त्या कागदात लिहायच्या राहिल्या, त्या फोनवरच ठरल्या होत्या. डीलर अजून फोन उचलतो, नाही असं नाही, आणि दर वेळी 'सर, मंडे को पक्का' म्हणतो.